मागचे दोन खण

वडील गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीच्या आधी धाकट्या भावाने हक्कसोडपत्राचा मसुदा माझ्यासमोर ठेवला. त्यात त्याचा काही डाव नव्हता. कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतले आमचे घर जुने झाले आहे, मागच्या बाजूची तुळई वाळवीने पोखरली आहे, दुरुस्तीसाठी कर्ज काढायचे तर उताऱ्यावर एकच नाव असलेले बँकेला सोयीचे पडते, आणि आमच्याकडे लेकी असे कागद आजवर सही करूनच देत आल्या आहेत. माझ्या दोन्ही आत्यांनीही दिले होते. 1956 च्या कायद्याने वडिलांच्या वाट्यात मुलगी वारस झाली, 1994 साली महाराष्ट्राने आणि 2005 साली केंद्राने वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाच्या बरोबरीने बसवले, तरी रीत रीतच राहिली. मी त्याला म्हटले, सही करीन, पण मी कशावरचा हक्क सोडते आहे ते आधी मला वाचू दे. मसुद्यात मिळकतीच्या पूर्वपीठिकेचे एकच वाक्य होते: ‘सदर मिळकत उभयतांची वडिलार्जित असून ती त्यांच्या पणजोबांनी बांधलेली आहे.’ त्या एका वाक्याची शहानिशा करण्यात माझे पुढचे अकरा महिने गेले.

पणजोबांनी घर बांधले ही आमच्या घरातली सर्वमान्य कथा आहे. दिंडी दरवाजा, पाच खणी सोपा, त्यामागे माजघर, मग स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागे परड्यात उघडणारी दोन खणांची एक बुटकी खोली, असे हे घर. या मागच्या खोलीला आम्ही पिढ्यानपिढ्या ‘काकूंची खोली’ म्हणत आलो. कोणत्या काकू, हे कोणालाच सांगता येत नव्हते. आईला वाटे आजीची कोणी जाऊ असावी. वडील म्हणत, नाव पडले म्हणून पडले.

मूळ कागद असते तर प्रश्नच नव्हता. ते पत्र्याच्या ट्रंकेत होते आणि ट्रंक सोप्यातल्या कट्ट्याखाली होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी जामदार क्लबपर्यंत आल्याची बातमी आली तेव्हा आम्ही गाद्या, धान्य आणि टीव्ही माडीवर चढवला. ट्रंक सर्वांच्याच डोक्यातून गेली. पाणी उतरल्यावर तिच्यातून कागदाचा एक लगदा निघाला. वडिलांनी तो परड्यात उन्हात वाळवला आणि वाळल्यावर त्याची वीट झाली. ती वीट अजूनही आमच्याकडे आहे.

मी प्रथम नगर भूमापनाची मिळकत पत्रिका काढली. ज्याला सगळे प्रॉपर्टी कार्ड म्हणतात ती आता महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीने मिळते. तिच्यावर नगर भूमापन क्रमांक, शिट क्रमांक, चौरस मीटरमधले क्षेत्र, धारणाधिकार, आणि त्याखाली दिनांक, व्यवहार, नवीन धारक अशा रकान्यांत नावांची साखळी असते. आमच्या पत्रिकेवर आजोबांचे नाव ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर म्हणून होते आणि त्यांच्यानंतर वडिलांचे. इथवर सर्व सुरळीत होते. पण कचेरीत बसलेल्या एका वयस्कर अर्जलेखकाने मला एक गोष्ट सुचवली, आणि या साऱ्या उद्योगात मला मिळालेला तो सर्वांत मोलाचा सल्ला ठरला: संगणकाच्या उताऱ्यावर थांबू नका, हस्तलिखित जुन्या पत्रिकेची नक्कल मागा आणि तिच्यासोबत चौकशी नोंदवहीचाही उतारा मागा.

शहराची मोजणी पहिल्यांदा होते तेव्हा चौकशी अधिकारी प्रत्येक मिळकतीपुढे धारक कोण, त्याच्याकडे ती कशी आली आणि त्याने कोणता कागद दाखवला, हे नोंदवतो. त्या नोंदीवरून पत्रिका तयार होते, धारकाला सनद मिळते, आणि मग ती नोंदवही कपाटात जाते. आमच्या क्रमांकापुढे पणजोबांचे नाव होते आणि ‘कशी प्राप्त’ याखाली ‘बांधली’ नव्हे, ‘खरेदीने’ असा शब्द होता. हस्तलिखित पत्रिकेवर आणखी एक ओळ होती, जी संगणकीय उताऱ्यावर उतरलेलीच नव्हती, कारण तिला कंस पडला होता, म्हणजे ती रद्द झाली होती. इतर भाराच्या रकान्यात एका बाईंचे नाव, पुढे ‘कोम’ आणि त्यांच्या पतीचे नाव, त्यापुढे ‘हयातीपर्यंत वहिवाट’, आणि नंतर दुसऱ्या शाईने ‘मयत, सबब कमी’. जुन्या कागदांत बिन म्हणजे अमुकाचा मुलगा आणि कोम म्हणजे अमुकाची बायको किंवा विधवा. आडनाव आमचे नव्हते. त्या बाईंचे नाव मी इथे देत नाही. त्यांचे वंशज याच शहरात असू शकतील.

घरफाळ्याच्या असेसमेंटचे उतारेही मी काढले, पण त्यांच्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. घरफाळा कोण भरत होते एवढेच त्यांतून कळते. मालकी त्याने सिद्ध होत नाही, आणि मधल्या काळात घर नंबर बदलत गेल्याने एकाच ओळीत दुसऱ्याचे घर शिरण्याची भीती असते.

खरेदी झाली असेल तर दस्त नोंदवला गेला असणार. नोंदणी कार्यालयात स्थावर मिळकतीचे दस्त पहिल्या क्रमांकाच्या बुकात उतरवले जातात. नावावरून शोधण्यासाठी सूची एक आणि मिळकतीवरून शोधण्यासाठी सूची दोन असते, आणि 1908 च्या नोंदणी कायद्याच्या 57 व्या कलमाने ही बुके व सूच्या फी भरून कोणालाही पाहता येतात. बँकेचे वकील साधारण तीस वर्षांचा शोध घेतात आणि त्यांना तेवढे पुरते. माझी अडचण उलटी होती. मला वर्षच माहीत नव्हते. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, त्याआधीची बुके मोडी लिपीत आहेत, आणि वर्ष न सांगता ‘आमच्या पणजोबांचा दस्त शोधून द्या’ म्हणणे म्हणजे जोतिबाच्या यात्रेत हरवलेल्या माणसाचे वर्णन ‘फेटा बांधला होता’ असे देण्यासारखे आहे.

वर्ष शेवटी शेजारच्या घराने दिले.

आमची आणि पूर्वेकडच्या शेजाऱ्यांची भिंत समाईक आहे. त्या घरातल्या अण्णांकडे जुने कागद लाल कापडात गुंडाळून ठेवलेले आहेत आणि त्याला ते ‘दप्तर’ न म्हणता अजून ‘रुमाल’ म्हणतात. मी सहज विचारले तेव्हा त्यांनी माडीवरून तो रुमाल आणला, मांडीवर सोडला आणि म्हणाले, “आमचं काय लपवायचं हाय? बघ की.” त्या वेळी मला फक्त समाईक भिंतीचा उल्लेख पाहायचा होता. पण जुन्या दस्तात घराला क्रमांक नसतो, घराची ओळख चतुःसीमेने होते. पूर्वेस कोणाचे घर, पश्चिमेस कोणाचे, दक्षिणेस बोळ, उत्तरेस वेशीकडे जाणारा सरकारी रस्ता, येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक घर, असे लिहिलेले असते. अण्णांच्या घराची पश्चिम सीमा म्हणजे आम्ही. म्हणजे त्यांच्या प्रत्येक खरेदीखतात, गहाणखतात आणि वाटणीपत्रात, लिहिणाऱ्याच्या मनात नसतानाही, त्या दिवशी आमच्या घराचा मालक कोण होता याची नोंद झालेली होती. आमची ट्रंक पाण्यात गेली, पण आमच्या घराचा इतिहास भिंतीपलीकडे माडीवर कोरडा राहिला होता.

चतुःसीमा वाचताना शहर मात्र जुने धरून चालावे लागते. ज्या वेशीकडे रस्ता जातो ती वेस आता नाही. कोल्हापूरचा तट पडला, बिंदू चौकात त्याचा बुरूज तेवढा राहिला, आणि गंगावेश, रंकाळावेश ही नावे रिक्षावाल्यांच्या तोंडी उरली. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले आणि कपिलतीर्थाच्या जागी भाजी मंडई भरते. एखाद्या दस्तात ‘पश्चिमेस तळे’ असेल आणि आज तिथे कोबीचे ढीग असतील, तर दस्त खोटा ठरत नाही.

अण्णांच्या रुमालात आमच्या कामाचे दोन कागद निघाले. पहिला एक गहाण फेडल्याचा, शके 1826 चा, आणि त्यात पश्चिमेस त्याच अनोळखी बाईंच्या पतीचे घर होते. दुसरा अण्णांच्या आजोबांचे वाटणीपत्र, आणि त्यात पश्चिमेस ‘बाईंचे घर, हल्ली मुदत खरेदीने’ आमच्या पणजोबांकडे. म्हणजे घर या दोन तारखांच्या मध्ये कधीतरी आमच्याकडे आले. पण दुसऱ्या कागदाच्या तारखेवरून घडी गेली होती, आणि शकाच्या आकड्यातला तिसरा अंक दोन आहे की तीन हे भिंगातूनही ठरेना. शके 1829 की 1839? दहा वर्षांचा फरक म्हणजे बुकांच्या दहा वर्षांच्या राशी.

जुने कारकून तारीख एकाच पद्धतीने लिहून थांबत नसत, हे इथे उपयोगी पडले. शकापुढे संवत्सराचे नाव होते, प्लवंग. साठ संवत्सरांचे चक्र ठरलेले आहे. शकात 12 मिळवून 60 ने भागले की जी बाकी उरते तो संवत्सराचा अनुक्रम. 1829 मध्ये 12 मिळवले की 1841, बाकी 41, आणि एकेचाळिसावे संवत्सर प्लवंग. 1839 असता तर बाकी 51 आली असती आणि तिथे पिंगल लिहिलेले असते. त्यापुढे ‘सन 1317 फसली’ असेही होते. फसली साल मृगाच्या सुमारास सुरू होते. वर्षाच्या पहिल्या भागात त्यात 590 आणि जानेवारीनंतर 591 मिळवले की इसवी सन येतो. शकात एरवी 78 मिळवतात, पण महिना पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतचा असेल तर 79. वाटणीपत्र माघातले होते. दोन्ही हिशेब 1908 च्या फेब्रुवारीवर येऊन मिळाले तेव्हा मी वहीत त्या आकड्याभोवती चौकट काढली आणि शाळेत गणित सुटल्यावर व्हायचा तसा आनंद मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी झाला.

आता शोध चार वर्षांचा राहिला. 1906 च्या सूचीत पणजोबांचे नाव मिळाले आणि मोडी दस्ताची नक्कल हातात आली.

मोडीबद्दल थोडे लिहिलेच पाहिजे, कारण ती शिकण्यासारखी आहे आणि वाटते तितकी अवघड नाही. त्या लिपीत आधी सबंध ओळीची शिरोरेषा ओढतात आणि मग बोरू न उचलता अक्षरे तिला लोंबकळत जातात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. म्हणून अक्षर ओळखता आले तरी शब्द कुठे संपतो हे अर्थावरून ठरवावे लागते. मी तीन महिने एका मुलीकडे शिकले. तिने पुराभिलेख विभागाचा मोडीचा वर्ग पुरा केला होता आणि ती माझ्या लेकीच्या वयाची असूनही मला अतिशय शिस्तीत ठेवत असे. ‘नवराहयातनाही’ या अक्षररांगेत मला पहिल्यांदा वराह दिसला होता, आणि पणजोबांच्या दस्तात डुक्कर कशाला, या विवंचनेत मी एक अख्खी संध्याकाळ घालवली होती. तिने बोट ठेवून ‘नवरा, हयात, नाही’ असे तोडून दाखवले तेव्हा दोघी हसलो. पण मग तीच ओळ पुन्हा नीट वाचली, आणि तिचा अर्थ हसण्याजोगा नव्हता.

दस्त असा होता. त्या बाई लिहून देणार, आमचे पणजोबा लिहून घेणार. नवरा हयात नाही, पुत्रसंतान नाही, नवऱ्याचे कर्ज वारणे आणि मुलीचे लग्न करणे आहे, म्हणून घर मुदत खरेदीने देत आहे. ही कारणे मनातले दुःख म्हणून लिहिलेली नसतात. त्या काळच्या हिंदू कायद्यात विधवेला नवऱ्याच्या मिळकतीवर मर्यादित हक्क होता, योग्य गरजेशिवाय तिने ती विकली तर पुढचे वारस आक्षेप घेऊ शकत, म्हणून घेणाराच गरज सविस्तर लिहवून घेई. मर्यादित हक्क पूर्ण होण्यासाठी 1956 च्या कायद्याचे 14 वे कलम यावे लागले. कागदातले दुःख हे घेणाऱ्याच्या संरक्षणासाठी आहे, ही गोष्ट पचायला मला वेळ लागला.

मुदत खरेदी म्हणजे नावाची विक्री आणि कामाचे गहाण. रक्कम तीनशे रुपये, आणि हुंडीत लिहितात तसे त्यापुढे ‘निमे दीडशे, त्याची दुप्पट’ असेही, म्हणजे आकड्यात कोणी खाडाखोड करू नये. पाच वर्षांत मुद्दल व्याजासह फेडल्यास घर परत द्यावे. न फेडल्यास हेच खरेदीखत समजावे. ब्रिटिश मुलखात 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 58 व्या कलमात या व्यवहाराला गहाणाचाच एक प्रकार मानले आहे. तो कायदा संस्थानात आपोआप लागू नव्हता, पण व्यवहार कायद्याच्या आधीपासून रूढ होता. पाच वर्षांत पैसे आले नाहीत, एवढे पुढच्या कागदांवरून उघड आहे.

घराचे वर्णन खणांत होते. खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर, म्हणून एकशे अठरा वर्षांपूर्वीचा कागद हातात धरून आजच्या घरात मोजणी करता येते, चौरस फुटांत ती गंमत नाही. सोपा पाच खणी, बरोबर. माजघर पाच खणी, पण मला चारच खण सापडले. दोनदा मोजले. मग लक्षात आले की न्हाणीघराची पूर्वेकडची भिंत विटांची आहे आणि बाकी घराच्या भिंती पांढऱ्या मातीच्या. पाचवा खण कोणीतरी भिंत घालून न्हाणीघरात घेतला होता. गिझरच्या मागे त्याचा सागवानी खांब अजून उभा आहे, त्यावर ऑइलपेंटचे निळे थर चढले आहेत आणि त्याला दोन टॉवेलच्या खुंट्या ठोकल्या आहेत. त्या खांबापाशी उभे राहून मला पहिल्यांदा पटले की हे घर पणजोबांच्या आधीपासून इथे आहे.

आणि दस्ताच्या शेवटी, साक्षीदारांच्या सह्यांच्या आधी, एक कलम होते. मुदत सरली तरी मागील दोन खण परड्यासुद्धा लिहून देणार बाईंनी हयातीपर्यंत वहिवाटावे, त्यास भाडे घेऊ नये, आणि येणेजाणेस बोळाकडील दार मोकळे ठेवावे.

पणजोबांविषयी माझे मत काय झाले, असे भावाने विचारले. त्यांनी फसवले असे म्हणण्याजोगे काही कागदात नाही, आणि तीनशे रुपयांत घर गेलेल्या बाईला मागे राहू देणे हा उदारपणा होता की तिने घासाघीस करून मिळवलेली अट होती, हेही कागद सांगत नाही. मला स्वतःला ती अट तिचीच वाटते. बोळाकडचे दार मोकळे ठेवण्याची गोष्ट सावकाराला सुचत नाही, जिला रोज त्या दाराने पाणी आणायचे असते तिलाच सुचते. वकिलांना मी विचारले की त्यांच्या मुलीच्या वंशजांपैकी कोणी घर सोडवायला आले तर? ते म्हणाले, गहाण सोडवण्याची मुदत 1908 च्या मुदत कायद्याने साठ वर्षे होती आणि 1963 च्या मुदत कायद्याने तीस केली; कोणत्याही हिशेबाने ती केव्हाच सरली. कायद्याच्या बाजूने प्रश्न मिटला.

धाकटी आत्या आता ब्याऐंशी वर्षांची आहे आणि राजारामपुरीत असते. तिला मी दस्ताचे देवनागरी लिप्यंतर वाचून दाखवले. तिने मध्ये एकदाही थांबवले नाही. संपल्यावर चष्मा काढून म्हणाली, “अगं, सर्वपित्रीला आई त्या खोलीच्या उंबऱ्यावर एक पान जास्त ठेवायची. आम्ही म्हणायचो, कावळ्याचं आसंल.” मग थोड्या वेळाने, “मी हक्कसोडीवर सही केली तेव्हा मला कुणी वाचून बी दाखवलं नव्हतं.”

हक्कसोडपत्राचा नवा मसुदा गेल्या आठवड्यात तयार झाला. पूर्वपीठिकेतून ‘बांधलेली आहे’ हे शब्द गेले आणि त्या जागी बाईंचे पूर्ण नाव, दस्ताचे वर्ष व ‘मुदत खरेदीने प्राप्त’ असे आले. घर भावाच्या नावावर होईल, कर्ज मिळेल, तुळई बदलेल. शेवटी एक कलम मी घालायला सांगितले आणि शब्द कोणते वापरू असे वकिलांनी विचारल्यावर नकलेतूनच वाचून दाखवले: मागील दोन खण परड्यासुद्धा लिहून देणार यांनी हयातीपर्यंत वहिवाटावे. भाऊ हसून म्हणाला, “ताई, तू काय सांगलीचं घर सोडून इथं राहायला येणार आहेस?” मी म्हटले, येणार नाही, पण कुलूप माझे असू दे. त्याने हरकत घेतली नाही. बोळाकडचे दार सध्या मोकळे नाही, त्याला लागून त्याची मोटारसायकल असते. ती कुठे हलवायची यावर आमची चर्चा चालू आहे.